कुरकुर ऐकणारी लिफ्ट

पहाटेच्या शांततेत आधी एकच आवाज होतो. खालच्या दाराशी एक छोटी खोली आहे, तिथे माझ्या चालकाची, जेरोलामोची, कॉफीची किटली गुडगुडू लागते. मग तो किल्ल्यांचा जुडगा उचलतो, माझं दार सरकवतो आणि म्हणतो, "ऊठ, म्हातारे. लोक आले शिव्या द्यायला."

मी एक जुनी लिफ्ट आहे, मित्रांनो. पण एखाद्या इमारतीतली नव्हे, अख्ख्या शहराची. आमचं जेनोवा समुद्राकाठी आहे खरं, पण ते डोंगराला चिकटून उभं आहे. खाली बंदर आणि बाजार, वर घरं. मधे मी. डोंगराच्या पोटात एक उभी विहीर खणली आणि मला तिच्यात सोडलं, त्याला आता शंभरावर वर्षं झाली. माझ्या भिंती अक्रोडाच्या लाकडाच्या आहेत, कठडा पितळी आहे, दोन्ही बाजूंना बाक आहेत. एका सुताराने ते बाक तासताना स्वतःच्या बायकोला आणून बसवून पाहिलं होतं. ती म्हणाली, "जरा कडकच आहेत." माझ्याबद्दलची ती पहिली तक्रार.

बसला चालतं तेच तिकीट मला चालतं, याचा मला फार अभिमान आहे. मी कुणाची खास नाही. माझ्यात मासळीवाले चढले, नवऱ्या मुली चढल्या, शवपेट्याही चढल्या. रडणारं तान्हं घेऊन एखादी आई बाबागाडीसह आत येते, तेव्हा मी सगळं बळ आवाज गोड करण्यात लावते. तिसऱ्या फेरीला पोर झोपतं. आई मात्र चौथी फेरीही करते, कारण तेवढाच वेळ तिला बसायला मिळतो.

पाहुणे येतात ते नकाशा उलटा धरून. परवा एक जोडपं आलं, त्यांनी विचारलं, वर जायला काय काय सोय आहे. जेरोलामो म्हणाला, "बस आहे, ती डोंगराला प्रदक्षिणा घालून जाते. टॅक्सी आहे, पण ड्रायव्हर घरची गाऱ्हाणी सांगतो. पायऱ्या आहेत, एकशे त्र्याण्णव, त्या फुकट. आणि ही आहे."

"हिच्यातच बसा," माझ्या बाकावरून एर्मिनियाबाई म्हणाल्या. "पण फार आशा ठेवू नका."

एर्मिनियाबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्या वर राहतात. रोज सकाळी खाली येतात, तेलाने चमकणारी फोकाचा नावाची जाड पोळी आणि बेसिलची जुडी घेतात, आणि माझ्यातून वर जातात. जाताना कुरकुर करतात. इथे सगळेच करतात. जुने खलाशी म्हणे पगार कमी घ्यायचे, पण बोटीवर कुरकुर करायचा हक्क मागून घ्यायचे. हे त्यांचेच वंशज. कुणी मला हळू म्हणतं, कुणी थंड म्हणतं. मी ऐकते आणि वर नेते. इतकी वर्षं कुणी तक्रार करत तुमच्याकडेच येत असेल, तर त्याचा अर्थ मला कळतो.

रिवोल्तासाहेबांना तो कळला नाही. वाहतूक कचेरीत ते नवेच आले होते, सपाट मुलखातून. त्यांनी माझ्या दारावर नोटीस लावली: ही लिफ्ट जुनी झाली आहे, ती ठेवावी की नाही, याबद्दल रहिवाशांनी महिनाभरात वहीत मत लिहावं. खाली वही टांगली आणि दोरीने पेन्सिल बांधली.

मित्रांनो, आमच्या लोकांनी काय केलं असेल? हातात पेन्सिल मिळाल्यावर ते हक्क सोडतील का? "बाक कडक." "वर जायला वेळ लागतो, खाली यायला त्याहून जास्त." "जेरोलामो बेसूर शीळ घालतो." एर्मिनियाबाईंनी लिहिलं, "हिचा आवाज डोक्यात जातो. चाळीस वर्षं सहन करते आहे." दोनशे अकरा नोंदी झाल्या. एकीतही बरा शब्द नव्हता.

साहेबांनी वही वाचली आणि मला बंद केलं.

कुलूप लागलं तेव्हा मी वरच्या टोकाला होते. पायऱ्या माझ्या विहिरीला लागूनच चढतात, मधे जाळीच्या खिडक्या आहेत. त्यातून मला पावलं ऐकू यायची. नुसती पावलं. कुणी बोलत नव्हतं. एर्मिनियाबाईंचा गुडघा मला आवाजावरून ओळखता येतो. त्या दर वळणावर थांबायच्या, आणि ते थांबे मी मनात मोजायची. चौथ्या दिवशी शेजारणीला त्यांनी एवढंच सांगितलं, "नाताळनंतर मुलीकडे जाते. तिकडे जिने नाहीत. समुद्रही नाही." बोलणं तिथेच संपलं. त्यात कुरकुर नव्हती, म्हणून मला धडकी भरली.

आठवड्याने रिवोल्तासाहेब विहिरीचं तोंड बुजवायचं म्हणून मोजायला आले. पायथ्याशी बाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. साहेब भला माणूस. त्यांनी पिशवी घेतली. साठाव्या पायरीला ते गप्प झाले. शंभराव्या पायरीला म्हणाले, "या पायऱ्या बांधल्या कुणी? एकीची उंची दुसरीला नाही. टेकायला जागा नाही. आणि या पिशवीत काय दगड भरलेत?"

"बटाटे," बाई म्हणाल्या. "बोला, बोला. आता तुम्ही इथले वाटायला लागलात."

"पण तुम्हीच लिहिलं होतं ना, हिचा आवाज डोक्यात जातो?"

"माझ्या नवऱ्याबद्दलही मी जन्मभर हेच म्हणत होते, साहेब. त्याला बंद करा, असं कधी म्हटलं नाही."

बाई जाळीला टेकून दम घेत होत्या, मला वर त्यांचा श्वास ऐकू येत होता. "वही बघितलीत आठवडाभरात?" त्यांनी विचारलं. "एकही नवी ओळ नाही. आमच्याकडे माणूस गप्प झाला, की समजायचं त्याने आशा सोडली."

साहेबांनी पिशवी दारापर्यंत पोचवली. मग खाली उतरून दोरीची पेन्सिल हातात घेतली आणि लिहिलं, "पायऱ्या असह्य आहेत. लिफ्ट बंद का?" खाली स्वतःची सही केली.

मला नवे पोलादी दोर मिळाले. पितळ घासलं गेलं. बाक तेवढे कडकच ठेवले, कारण ते बदलायला निघाले तेव्हा सगळी वस्ती भांडायला आली.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखं कुणीतरी असेल, रोज तुम्हाला उचलून नेणारं. त्याला नावं ठेवा, हरकत नाही. पण त्याच्या दोराला तेल आहे का, तेही बघा. आणि कुणी विचारलंच, ते हवं की नको, तर तेवढ्यापुरता एक बरा शब्द लिहा.

मी पुन्हा सुरू झाले त्या सकाळी पहिल्या फेरीला एर्मिनियाबाई आल्या, सोबत सहा वर्षांची पणती निवेस. माणसं दाटीने उभी होती. जेरोलामोने दार लावलं. मी निघाले, जुन्या आवाजातच. सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत होते, आता काय म्हणतात म्हणून. बाईंनी पितळी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. अर्धी विहीर मागे पडली, तरी त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही.

निवेसने त्यांच्या कोटाची बाही ओढली.

"पणजी, आज तू हिला काहीच का बोलत नाहीस?"

"आजचा दिवस राहू दे," कठड्यावरून हात फिरवत बाई म्हणाल्या, "आता मी इथेच आहे, उद्यापासून रोज बोलेन."