तुळईतलं नाव

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात प्रेमाची एकच गोष्ट केली, आणि सासूबाईंनी ती इतक्यांदा ऐकवली की मलाही पाठ झाली होती. डोंगरातल्या एका छोट्या गावात नदीवर छप्पर असलेला लाकडी पूल आहे, फक्त चालणाऱ्यांसाठी. तो बांधला तेव्हा सासरे तिथे सुतार होते. त्या सुतारांची रीत अशी, की तुळईचं जे टोक खाचेत बसून कायमचं झाकलं जातं, त्यावर घरच्या बाईचं नाव कोरायचं. "माझं नाव पुलात आहे," असं सासूबाई भाजीवाल्यालाही सांगायच्या.

यंदा पूल दुरुस्तीला काढला. तिथल्या मिस्त्रीने जुन्या ओळखीने फोन केला, की तुमची तुळई उघडतोय, बघायला या. सासूबाईंनी लगेच पिशवी भरली. सासऱ्यांचे मात्र गुडघे दुखायला लागले, मग पोट, मग चक्कर. एवढी दुखणी एका माणसाला एकाच सकाळी होत नाहीत. पण जावयाने बोलू नये, गाडी चालवावी. मागे सासूबाईंची थोरली बहीण, म्हणजे मावशी, फुकटची हवा खायला बसल्या होत्या.

पुलात भुशाचा ताजा वास होता. दोन्ही बाजूंना बाक, खाली नदीचा दंगा. मिस्त्रीने तुळई दोरखंडावर टांगून टोक खाचेबाहेर काढलं होतं. लाकूड कुजलंय, काही दिसणार नाही, असं सासऱ्यांनी लांबूनच जाहीर केलं. लाकूड ठणठणीत होतं. सासूबाईंनी चष्मा पुसला आणि वाचलं. नाव वळणदार होतं, ठसठशीत होतं, आणि मावशींचं होतं.

मग सगळं बाहेर आलं. सासरे आधी मावशींना बघायला गेले होते. होकार येणारच असं धरून त्यांनी नाव कोरलं आणि तुळई ठोकूनही टाकली. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. मावशींनी नकार कळवला, कारण मुलाला व्हार्निशचा वास येतो. पुढे धाकटीशी जमलं. तुळई काही उघडता येईना, म्हणून सासऱ्यांनी तोंड उघडलं आणि पुलात तिचंच नाव आहे असं खुशाल सांगितलं.

सासूबाई बाकावर बसून रडल्या. हळूच वगैरे नाही, व्यवस्थित रडल्या. मी नाही म्हटलं म्हणून तुझा संसार झाला, असं मावशींनी ऐकवलं. मला सासूबाईंचं फार वाईट वाटलं.

"तासून काढा ते," सासूबाई म्हणाल्या.

"तासलं तर सांधा ढिला पडेल. पूल हलेल," मिस्त्री म्हणाला.

"हलू दे."

सासऱ्यांनी मिस्त्रीची पटाशी मागून घेतली. वरची बाजू मावशींच्या नावाने अडवलेली, म्हणून ते दुखरे गुडघे टेकून तुळईखाली बसले आणि खालच्या बाजूला कोरू लागले. अक्षरं कोंबडीच्या पायांसारखी आली. सासूबाई शेवटपर्यंत वाकून बघत होत्या.

मिस्त्रीने टोक पुन्हा खाचेत बसवलं. काही झालं तरी माझं नाव वर आहे, असं मावशी म्हणाल्याच.

सासूबाईंनी मिस्त्रीला विचारलं, "भार कुठल्या बाजूवर येतो?"

"खालच्या. वरची नुसती बसलेली असते."

"ते मला लग्न झाल्यापासून माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि सासऱ्यांना हात देऊन उठवलं.