पहिल्या रविवारचा द्राक्षरस

काळी मनुका पाण्यात टाकली की पहिला तासभर काही होत नाही. सुरकुत्या तशाच राहतात. मग देठाकडची बाजू आधी फुगते, हळूहळू बाकीची. बारा तासांनी वजन केलं तर ते दीडपटीच्या वर भरतं. मी तराजूत घालून पाहिलं आहे. मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला एवढी हौस असायचीच.

गिरगावातल्या आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. त्याचा द्राक्षरस मनुकांचाच, न आंबवलेला. आदल्या दिवशी दुपारी चर्चमागच्या स्वयंपाकघरात राधाबाई ओहोळ आणि मी तो करायचो. शिजवून निवलेल्या मनुका मलमलच्या फडक्यात घालायच्या, दोघींनी दोन टोकं धरायची आणि उलट्या दिशांनी पीळ द्यायचा. हे काम एकटीने होत नाही.

नऊ वर्षं मी तो रस केला आणि नऊ वर्षं त्याचा थेंब घेतला नाही. भावाबहिणीशी असलेलं वैर आधी मिटवून मग वेदीपाशी यावं, हे मला लहानपणापासून पाठ होतं.

माझी धाकटी बहीण अंबिका एक्कावन्न साली लालबागच्या जयवंत परबला भेटत होती. जयवंत कोकणातला, हिंदू, गिरणीत कारकून. तिने ते फक्त मला सांगितलं, आणि मी ते बाबांना सांगितलं. तिच्या भल्यासाठी, असं मी तेव्हा स्वतःला बजावलं. खरं म्हणजे ती गेली की बाबांजवळ मी एकटी उरणार, याची मला भीती वाटली होती. बाबा, शामराव साळवे, मिशनच्या शाळेत हेडमास्तर होते. त्यांनी तिला त्याच संध्याकाळी घराबाहेर काढलं; तिने जयवंतशी लग्न केलं. दोन वर्षांनी ते वारले, तिचं तोंड न पाहता.

राधाबाई आमच्या शेजारी राहत. त्या दिवशी त्या गॅलरीत तांदूळ निवडत होत्या आणि माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं. बाबांचा आवाज चढला तशा त्या त्यांना आवरायला आत आल्या. तेवढ्यात जिना चढून आलेल्या अंबिकेला बाबांसमोर राधाबाईच दिसल्या. आम्हा बहिणींचं बोलणं गॅलरीतून ऐकून चुगली त्यांनी केली, हे तिने तिथंच ठरवून टाकलं. राधाबाईंनी एका शब्दाने नाकारलं नाही. पुढे मी त्यांना कारण विचारलं तर म्हणाल्या, "शेजारीण दुसरी मिळते गं. बहीण कुठून आणली असती तिने?"

त्यांचे उपकार सांगायचे तर एवढंच सांगेन. चर्चमध्ये त्या माझ्याशेजारी बसत. रसाच्या लहान पेल्यांचं तबक बाकावरून हातोहात पुढे येई. त्या आपला पेला उचलत आणि माझ्यासमोरून हात लांब करून तबक सरळ पलीकडच्या बाईकडे देत. मी घेतलं नाही हे कोणाच्या ध्यानात येत नसे. नऊ वर्षांत शंभरावर वेळा त्यांनी असा हात लांब केला असेल, आणि "आता तरी सांग तिला" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. अशी माणसं आपल्या वाट्याला का येतात, हे मला अजून समजलेलं नाही. आली, एवढं खरं.

साठ सालच्या मे महिन्याची पहिली तारीख रविवारी आली. महाराष्ट्र राज्य त्याच दिवशी व्हायचं होतं. शनिवारी दुपारी गल्लीत पताका बांधणं चाललं होतं, शिड्यांवरून मंडळी एकमेकांवर ओरडत होती. आम्ही फडकं पसरत होतो आणि दारात अंबिका उभी राहिली.

बाबा गेल्यावर ती माझ्याकडे नाताळाला येऊ लागली होती, शेजारच्या दाराकडे न बघता. चर्चची पायरी मात्र तिने चढली नव्हती, कारण तिथे राधाबाई असत.

"काय ताई, दारूबंदीवाले आले तर दोघींना धरून नेतील हं," ती म्हणाली. हसली, पण आत येईना.

"ये, पोरी," राधाबाई म्हणाल्या. "लेक कशी आहे?"

"बरी आहे." अंबिकेने चप्पल काढली. "राधाबाई, मी तुमच्याकडेच आलेय. आमचे हे म्हणतात, मी चळवळीत दोनदा तुरुंगात जाऊन आलो, ज्याने मला लाठी मारली त्या हवालदाराबरोबर परवा चहा प्यालो. आणि तू एका म्हातारीशी नऊ वर्षं अबोला धरून बसलीयस."

"म्हातारी म्हणाले का?"

"म्हणाले."

"बघून घेईन त्याला."

अंबिका हसली नाही. "त्या दिवशी तुम्ही बाबांना सांगितलंत. मी तुम्हाला क्षमा केलीय. उद्या मला प्रभुभोजन घ्यायचंय, आणि मनात काही ठेवून घ्यायचं नाही."

मी राधाबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पदराला हात पुसून त्यांनी अंबिकेच्या डोक्यावर ठेवला.

"देव तुझं भलं करो, अंबू. फार बरं वाटलं."

शेजारच्या नावाचं टपाल आपल्या हातात घ्यावं, तशी त्यांनी ती क्षमा घेतली. मग फडक्यात मनुका ओतून त्याचं एक टोक तिच्यापुढे केलं. "हे धर जरा. माझी बोटं दुखतायत आज."

अंबिकेने टोक धरलं आणि पीळ दिला. रस पातेल्यात पडू लागला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तू एकटी माझ्या बाजूची होतीस, म्हणून मी परत येऊ शकले."

माझे हात थांबले.

"काय गं ताई? दमलीस?"

"नाही."

तिला सांगायचं वाक्य मी अनेकदा तयार केलं होतं. त्यात बाबांचा राग होता, माझं वय होतं, माझी भीती होती. ती कारणं काढून टाकल्यावर ते फारच लहान उरलं. हातातलं टोक सोडलं तर सगळं खाली पडेल, म्हणून मी ते धरूनच ठेवलं.

"अंबू," मी म्हणाले, "बाबांना राधाबाईंनी नाही सांगितलं. मी सांगितलं."