शेवटची तिघं

प्रमोदिनीबाईंनी ओव्याचं गरम पाणी नवऱ्यापुढे धरलं आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या अंगावरच्या, शेठजीच्या सोंगातल्या कोटाची पाठीवरची चाप बटणं काढायला घेतली. चंद्रहासराव न्यूझीलंडमधल्या जॉन्सनव्हिलच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून वाकून बसले होते. बाहेर मराठी मंडळाचा कार्यक्रम रंगात आला होता आणि पुढचा नंबर त्यांचाच होता.

"कोट कशाला काढतेस? कळ जाईल आत्ता."

"मघापासून हेच ऐकतेय. प्या आधी."

चूर्णाची बिनलेबलाची बाटली विमानतळावर काढून घेतल्यापासून चंद्रहासराव पोटाच्या प्रत्येक तक्रारीचं खापर न्यूझीलंडवर फोडत होते. दुपारी खिमा भरलेला मिन्स पाय आणि त्यावर मंडळाची मिसळ हाणली होती, त्याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

त्यांची मुलगी ऋचा धावत आत आली.

"बाबा, डेअरीतून, त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, गोळ्या आणल्यात, चघळा. आयटम कॅन्सल करू का? लोक समजून घेतील, नो वरीज."

"कॅन्सल नको," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "मी करते."

"आई, तू? तू तर आतून कपडे बदलून देतेस ना?"

प्रमोदिनीबाईंनी शेवटचं बटण काढलं. कोट स्वतःच्या अंगावर चढवला. चंद्रहासराव पाण्याच्या पेल्यात बघत राहिले.

झटपट वेषांतराचा हा खेळ त्यांनी एकाहत्तरच्या युद्धात पुण्यात बसवला होता. जवानांच्या निधीसाठी पैसे द्यायला पाच जण येतात: शेठजी, कॉलेजकुमारी, भाजीवाली, सैनिकाची आई आणि स्वतः जवान. एकच नट पडद्याआड जायचा आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत दुसराच होऊन बाहेर यायचा. आतल्या बाईचे हात कुणाला दिसत नसत. दिसले तर मजाच संपली.

ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे कागद लावलेल्या एका शाळेत प्रयोग होता. कॉलेजकुमारीचा प्रवेश झाला आणि चंद्रहासरावांच्या पोटात असा मुरडा आला की ते पडद्याआडच आडवे झाले. प्रमोदिनीबाईंचं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यांनी भाजीवालीचं लुगडं गुंडाळलं आणि सरळ बाहेर गेल्या. मग आई, मग जवान. आत कपडे बदलून द्यायला कुणी नाही, म्हणून वेळ लागे आणि पेटीवाला बिचारा तेच तेच वाजवत राहिला. आईच्या प्रवेशाला लोक रडले. दुसऱ्या दिवसापासून पेठेत जो तो चंद्रहासरावांची पाठ थोपटत होता, आणि ते थोपटून घेत होते.

पुढे ती आई आपणच केली अशी गोष्ट ते प्रत्येक बैठकीत सांगत आले. आज सकाळीही मंडळाच्या पोरांना सांगितली होती. प्रमोदिनीबाई शेजारी बसून हसल्या होत्या. त्यांना दरवेळी राग येई आणि दरवेळी वाटे, एकदा तरी कुणाला तरी कळावं. पण स्वतःच्या तोंडाने सांगायचं म्हणजे नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं, आणि ते त्यांच्याने झालं नाही.

"मिशी लावून गेलीस तर मीच वाटेन," चंद्रहासराव हळूच म्हणाले. "लांबून कुणाला कळतंय."

"हो. तेव्हाही नव्हतं कळलं."

हे त्यांनी रागाने म्हटलं नाही, म्हणून चंद्रहासरावांना ते जास्तच लागलं असावं. ते उठले. पोटावर गरम पाण्याची पिशवी तशीच दाबून धरली आणि दाराबाहेर पडले.

"बाबा, कुठे?" ऋचा मागे धावली.

प्रमोदिनीबाई रंगमंचावरच्या पडद्याआड जाऊन उभ्या राहिल्या. आरशात बघून शेठजीची मिशी ओठावर टेकवली. तेवढ्यात माईक खरखरला.

"नमस्कार, किया ओरा. मी चंद्रहास. माझं पोट बिघडलंय, तेव्हा हा खेळ आज माझी बायको करील." लोक हसले. हसू ओसरल्यावर ते पुढे म्हणाले, "सकाळी ज्या आईची गोष्ट सांगितली ना, ती मी केली नव्हती. भाजीवाली, आई, जवान, शेवटची तिघं हिनेच केली होती. मी आत आडवा होतो."

मग टाळ्या आल्या, पण प्रमोदिनीबाईंचं लक्ष मिशीकडे होतं. ती चिकटेना. ओठ ओला झाला होता.

चंद्रहासराव पडदा सारून आत आले. पिशवी खाली ठेवली आणि प्रमोदिनीबाईंच्या कोटाची पाठीवरची बटणं लावू लागले.

"उलटी लावताय," त्या नाक ओढत म्हणाल्या.

"मग सांग की, कशी लावायची."