नळी कोणाच्या पोटात

ताईच्या पोटात नळी घातली आहे हे डॉक्टरांना माहीत होतं, नर्सला माहीत होतं, भाच्याला आणि सूनबाईला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त ताईला. आणि मला, पण धाकट्या बहिणीला कोण विचारतं?

ताई शिलाई मशीनं दुरुस्त करते. मेहुणे गेल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, दुकान एकटीने चालवते. मशीनचं काय बिघडलं होतं आणि तिने काय केलं, हे ऐकल्याशिवाय गिऱ्हाइकाची सुटका नाही. माणसं "बरं बरं" म्हणत पायरी उतरतात, तरी ही मागून बोलतच असते.

त्या दिवशी दुकानातच तिच्या कमरेत उजव्या बाजूला कळ आली. संध्याकाळपर्यंत हुडहुडी भरून ताप. भाच्याने तसंच उचलून हॉस्पिटलात नेलं. मूत्रपिंडाकडून खाली येणाऱ्या वाटेत खडा अडकला होता आणि वरच्या तुंबलेल्या लघवीत जंतू झाले होते. ताई तापात बरळत होती, म्हणून नळी घालायच्या कागदावर सही भाच्याने केली. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. जीव वाचला.

माझं म्हणणं पुढचं आहे. चौथ्या दिवशी ती चांगली शुद्धीवर होती, नर्सच्या ट्रॉलीचं चाक का कुरकुरतं ते तिला समजावून सांगत होती. तेव्हा तरी तिला सांगायचं! पण भाचा म्हणाला, "झालं काम, आई. आता फक्त आराम." घरी जायचा कागद त्याने घडी घालून स्वतःच्या बॅगेत टाकला.

घरी आल्यावर दहा दिवसांनी मी दुकानात डोकावले, तर ताई हत्यारं वाटत होती. समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या मेकॅनिकला, ज्याच्याशी तिचं उभं आयुष्य भांडण, त्याला तिने आपला चांगला पेचकसांचा संच देऊन टाकला होता. तो बिचारा हातात संच घेऊन माझ्याकडे बघत राहिला.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

तिने त्याला वाटेला लावलं, शटर अर्धं ओढलं आणि स्टुलावर बसली. "कोणाला बोलू नकोस. माझं काही खरं नाही. दर अर्ध्या तासाला जावं लागतं. जाऊन आलं तरी राहिल्यासारखं वाटतं. करताना कमरेत सणक जाते. आणि लघवी लाल होते गं. जिना चढला की जास्तच."

"मुलाला सांगितलंस?"

"त्याला काय सांगू? आधीच त्याचा चेहरा उतरलाय. त्यांनी आत काहीतरी भयंकर पाहिलं असणार आणि माझ्यापासून लपवताहेत."

बाई दहा दिवस एकटी हे घेऊन बसली होती. चादरी स्वतः धूत होती. बाहेर जावं लागू नये म्हणून पाणी पीत नव्हती, त्यामुळे जळजळ आणखी वाढत होती.

मी तिला कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. त्यांनी हॉस्पिटलचे कागद मागितले. कागद मुलाकडे, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि एक्स-रे लिहून दिला.

एक्स-रे काढणारी मुलगी पडद्याकडे बघून म्हणाली, "नळी अगदी जागेवर आहे. काढायची कधी आहे?"

"कसली नळी?" ताई म्हणाली.

मुलगी गोंधळली. मग तिने पडदा आमच्याकडे वळवला. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक पांढरी रेघ, दोन्ही टोकांना वळसा. "ही. सरकू नये म्हणून टोकं अशी वळलेली असतात. खड्याला वळसा घालून लघवी खाली यावी म्हणून ठेवतात. तुम्हाला... सांगितलं नाही?"

ताई हसली. खरंच हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मरत नव्हती ती! मग हसू थांबलं आणि तिचे कान लाल झाले. मी लहानपणापासून ते कान ओळखते. आम्ही तडक हॉस्पिटलात गेलो.

"सगळं समजावून सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या मुलाला."

"नळी मुलाच्या पोटात आहे का?"

डॉक्टर पेन फिरवत राहिले. "तो म्हणाला, आई घाबरेल. घरच्यांनी विनंती केली की आम्हाला..."

"मी शुद्धीत होते! रोज तुम्ही माझ्या उशाशी येऊन मला कसं वाटतंय विचारत होतात. मला विचारता येतं, सांगता येत नाही? घाबरले असते तर एक दिवस घाबरले असते. तुम्ही मला दहा दिवस मारलंत."

डॉक्टरांनी पेन ठेवलं. "चूक झाली," ते म्हणाले, आणि मग पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलले. वारंवार लागणं, जळजळ, करताना कमरेत सणक, श्रमाने लघवी लालसर होणं, हे नळीमुळे पुष्कळांना होतं. पाणी भरपूर प्यायचं. त्रास कमी करायला गोळी आहे. थंडी-ताप आला, लघवीतून रक्ताच्या गाठी पडू लागल्या, लघवी अडली, तर वाट न पाहता यायचं. दोन आठवड्यांनी खडा फोडायचा, मग नळी काढायची. आत विसरून चालायचं नाही. महिनोन् महिने राहिली तर तिच्यावरच खडे धरतात.

"म्हणजे गोळी होती," ताई म्हणाली. "दहा दिवस."

घरी भाचा दारातच भेटला. "आई, तुझ्या काळजीपोटीच—"

"कागद आण."

त्याने बॅगेतून कागद काढला. तिने त्याला समोर बसवलं आणि मोठ्याने वाचायला लावलं. चौथ्या ओळीवर लिहिलं होतं: लघवीत रक्त दिसल्यास घाबरू नये. तिथे त्याला रडू फुटलं. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडत होती. ताईने कोणाचेच डोळे पुसले नाहीत. मीही नाही. खरं सांगायचं तर मलाही स्वतःचा राग आला होता; हॉस्पिटलात रोज जाऊन बसायचे, पण नेमकं काय केलं, असं मीही कोणाला विचारलं नव्हतं.

पुढची सही ताईने स्वतः केली, प्रत्येक ओळ वाचून. खडा फुटला. आठवड्याने नळी काढली. भूल देऊन झोपवलंही नाही, आत जेली लावून जागा बधिर केली, पाच मिनिटांचं काम. "ओढल्यासारखं वाटेल," डॉक्टर म्हणाले होते, आणि तसंच वाटलं. दोन दिवस जळजळ होईल म्हणाले होते, तीही झाली. सांगितलेलं दुखणं तिने मुकाट्याने सोसलं.

भाच्याशी ती महिनाभर कामापुरतंच बोलली. आता बोलते. पण त्याने "आई, काही नाही गं" असं म्हटलं की हातातलं काम खाली ठेवते आणि म्हणते, "काय नाही, ते सांग."