वाघ लागला तो दिवस

वर्लिनचं पत्र येऊन महिना होत आला होता आणि लेझामा मास्तरांनी अजून उत्तर लिहिलं नव्हतं. त्यांची ही भाची टोबॅगोत कपडे शिवायची. आता ती दोन्ही मशीनं विकून सगळे पैसे आपल्या वतीने खेळायला गार्विनच्या हाती द्यायला निघाली होती, कारण गार्विन म्हणे व्हे-व्हे या आकड्यांच्या सोडतीत जिंकूनच जगतो. 'मामा, तुम्ही त्याच्याच गल्लीत राहता. तो खरंच जिंकतो का, एवढंच कळवा.'

कळवायचं काय? अरिमातल्या त्या गल्लीत जो तो गार्विनच्या आकड्यावर जिंकल्याची गोष्ट सांगायचा. मर्ल मावशीला त्याने गिधाडाचा आकडा सांगितला आणि गिधाडच निघालं. ॲल्डविन सुताराला बेडूक फळला. एवढी माणसं खोटं बोलत असतील? आणि आपण कोण बोलणारे? जन्म वाचनालयात पुस्तकांवरची धूळ झटकण्यात गेला, कधी एक डॉलर लावला नाही.

शुक्रवारी ते पाव आणायला दुकानात गेले, तेव्हा दुपारच्या सोडतीची वेळ झाली होती. गार्विन स्टुलावर पाय पसरून बसला होता. मर्ल मावशीच्या स्वप्नात मांजर आली होती. त्याने तिला वाघ लावायला सांगितलं. ती तिकिटाच्या रांगेकडे वळल्यावर ॲल्डविनच्या कानात कोंबडी सांगितली. घाईत असलेल्या एका बसवाल्याला मेलेला माणूस दिला. मास्तर खाऱ्या माशांच्या पेटीमागे उभे होते, म्हणून त्यांना तिन्ही ऐकू आलं. छत्तीस आकडे, प्रत्येकाला प्राण्याचं, माणसाचं नाहीतर वस्तूचं नाव, आणि हा ते कानाकानांत वाटत सुटला होता.

रेडिओवर वाघ लागला. मर्ल मावशी नाचायलाच लागली. ॲल्डविनचं तोंड मात्र पडलं.

"तोंड काय पाडतोस?" गार्विन म्हणाला. "वाघ म्हणजे कोंबडीचा आत्माच की, तिच्या जोडीचा आकडा. तू आत्मा का नाही लावलास?"

मागच्या आठवड्यात त्यानेच कोंबडीचा आत्मा दुसराच सांगितला होता. पण ॲल्डविनने स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "माझंच चुकलं, भाऊ. तू बरोबर सांगितलं होतंस."

बसवाला तर केव्हाच निघून गेला होता. त्याचा मेलेला माणूस कोण मोजणार?

"गार्विन," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "वर्षभरात तू सांगितलेले किती आकडे बुडाले?"

"बुडालेले कोण मोजतं, मास्तर? हे काय तुमच्या पुस्तकात बघून खेळायचं असतं होय?"

सगळे हसले. मास्तर कानापर्यंत लाल झाले आणि पाव न घेताच बाहेर पडले.

एरवी या हसण्याने ते आठवडाभर स्वतःलाच कोसत बसले असते. आज मात्र त्यांना किळस आली. रोज इतक्या कानांत इतके प्राणी सोडल्यावर एखाद्याच्या दारात त्यातला एक उगवणारच. ज्याच्या दारात उगवला तो वर्षभर मिरवतो, बाकीचे गप्प बसतात, आणि या सगळ्याला गल्ली विद्या म्हणते. गाढवाला चौकात उभं करून त्याच्या शेपटीने आकडे दाखवले असते, तरी गाढवालाही असेच साक्षीदार मिळाले असते.

घरी येऊन त्यांनी लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात 'कदाचित' होतं, 'मला वाटतं' होतं, 'माझी चूकही होत असेल' होतं. तो फाडला. दुसऱ्यात लिहिलं:

'वर्लिन, तो जिंकतो. सगळेच कधी ना कधी जिंकतात. तू त्याला जिंकल्याची गोष्ट विचारू नकोस. वर्षभरात तो जे जे खेळला ते सगळं माग, बुडालेल्यासकट. दोनचार दिवसांचं नको, पूर्ण वर्षाचं. ते तो देणार नाही. आणि जो रोज जिंकतो, त्याला तुझ्या शिलाईच्या मशीनांचे पैसे कशाला लागतात? एकही विकू नकोस.'

पुन्हा वाचलं तर त्यात 'कदाचित' शिरेल, हे त्यांना ठाऊक होतं. न वाचताच पाकीट चिकटवून ते टपाल कार्यालयात गेले आणि पत्र पेटीत टाकलं.