कोपराच्या मापाचा ओटा

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. मला पाहायचं तर शेगडी बाजूला काढून वरचा दगड उचलावा लागेल, आणि एवढा उपद्व्याप करतंय कोण! मी नाशिकजवळच्या मखमलाबादमधल्या एका स्वयंपाकघरातला जुना प्लायवूडचा तक्ता आहे. ओट्याचा सगळा भार मी पेलतो, आणि हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

कारखान्यात लाकडाचे पातळ पापुद्रे एक उभा, एक आडवा असे चिकटवून मला घडवलं. म्हणून मी सहजासहजी वाकत नाही. १९९४ साली सावळीराम सुतारांनी मला नाशिकच्या दुकानातून सगुणाबाईंच्या नव्या घरी आणलं. बाईंचा गुलाबाचा आणि मेथीचा मळा घराला लागूनच होता.

सगुणाबाई अगदी बुटक्या. आधीच्या घरातला ओटा त्यांच्या छातीशी यायचा, म्हणून त्या पाटावर उभ्या राहून स्वयंपाक करायच्या. एकदा पाट सरकला आणि तोल सावरताना हात तापल्या तव्यावर टेकला. मनगटावरचा तो डाग अजून आहे. नव्या घरात आपल्या उंचीचा ओटा हवा, एवढा एकच हट्ट त्यांनी धरला होता.

गवंडी म्हणाला, "माप समद्यांचं एकच असतं बाई, बत्तीस इंच." मग माझ्याकडे पाहून हसला. "आन् पाण्यापाशी लाकूड? वरीसभरात पुरीवानी फुगंल!"

सावळीराम त्याच्या नादी लागले नाहीत. "वहिनी, हात कोपरात वाकवा," ते म्हणाले. कोपराखाली एक वीत सोडून त्यांनी भिंतीवर पेन्सिलीनं रेघ ओढली. सत्तावीस इंच भरले. त्या मापाची सागवानी चौकट करून, पाणसळीनं पातळी तपासून त्यांनी मला पक्कं बसवलं. सिंकसाठी भोक पाडलं आणि कापलेल्या कडांना ऑइलपेंटचे दोन हात दिले. भोकातून निघालेला तुकडा सगुणाबाईंनी टाकू दिला नाही. धान्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवला.

मग माझ्यावर काळा ग्रॅनाइट आला आणि मी दिसेनासा झालो. आलेगेले त्याच्यावरच हात फिरवून म्हणायचे, "काय चमकतोय!" चमकू दे बापडा! भार तर माझ्यावरच होता.

बारा वर्षं अशी गेली. सगुणाबाईंच्या मुलाचं, संतोषचं लग्न झालं आणि प्रतिभा सून म्हणून आली. पोरगी चांगली उंच. पोळ्या लाटताना पार वाकायची, मध्येच कमरेवर हात ठेवायची आणि पुन्हा लाटायला लागायची. सगुणाबाईंना ते दिसत होतं. पण हा ओटा त्यांना किती वर्षांनी मिळाला होता!

एके दिवशी ठेचा कुटताना ग्रॅनाइटलाच तडा गेला. संतोष म्हणाला, "खालचा प्लायबी सडला असंल. समदंच काढून टाकू."

सावळीराम आले. केस पांढरे झाले होते. दगड उचलून त्यांनी माझ्या कडा चाचपल्या, बोटानं ठोकून पाहिलं. "जसाच्या तसा हाय! कुठं फुगलाय?" तो गवंडी तेव्हा तिथं हवा होता, मित्रांनो!

"मंग त्याच उंचीवर बसवू का?" त्यांनी विचारलं.

प्रतिभा खाली बघत म्हणाली, "चालंल की. मला सवय झालीय."

सगुणाबाईंनी मनगटावरच्या डागावरून एकदा बोट फिरवलं. "नाय. तिचा कोपर बघा."

"आन् आई, तुमचं कसं?" प्रतिभानं विचारलं.

"मी पाट घेईन. तू काय खड्डा खणून उभी राहशील?"

प्रतिभाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भिंतीवर दुसरी रेघ उमटली आणि चौकटीच्या पायांखाली पाच इंचांचे ठोकळे बसले, माझ्यावर नवा दगड आला. मग सावळीरामांनी पिंपावरचा तो तुकडा मागून घेतला, त्याला तेवढेच उंच पाय ठोकून सगुणाबाईंसाठी पाट केला आणि पायांखाली सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं.

मित्रांनो, सिंकभोवतीचं पाणी पुसत जा. मी टिकलो तो कोरड्या कडांमुळे. आणि कधी ओटा बांधलात, तर तिथं उभं राहणाऱ्या माणसाचा कोपर आधी बघा.

सगुणाबाई अजूनही हौसेनं भाकरी थापतात. तेव्हा त्यांच्या हाताखाली मी असतो आणि पायाखालीही मीच. इतक्या वर्षांत तो पाट एकदाही सरकलेला नाही.