खंडेनवमीची काच

पाटावर पाना टेकला, खणकन. सकाळपासून घरात कुणी कुणाशी बोललं नव्हतं, म्हणून तो आवाज जरा जास्तच झाला.

शिरोलीच्या फौंड्रीतला अमरसिंहचा पाना, त्याच्या आईची, बयाबाईंची, विळी, पलीकडं आजोबांची तलवार. उचगावच्या त्या घरात खंडेनवमीला अवजारं डावीकडं आणि हत्यारं उजवीकडं मांडत. यंदा बयाबाईंनी सुनेला मुद्दाम सांगितलं होतं, "तुझंबी काय तरी आण की पूजंला. तू काय कमी राबतीस?"

अमरसिंहच्या बायकोनं, अनुजानं, रुमालातून काच काढली. बोटाएवढी, तडा गेला म्हणून टाकून दिलेली, वर तपकिरी पापुद्रा. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ती असले पापुद्रे चढवायची, पैसा सरकारचा. अंगाची ऊब लांबूनच ओळखणारा पापुद्रा. "तान्ह्या बाळाचा ताप हात न लावता कळेल," असं तिथले सर म्हणाले, म्हणून तर तिनं ही नोकरी धरली. तिची लेक क्रांती जन्मली तेव्हा दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. ताप मोजायला चिकटवलेल्या तारेनं तिची कोवळी कातडी सोलून निघाली होती.

मागच्या आठवड्यात प्रयोगशाळेत दोघं आले. बारीक कापलेले केस, नावं सांगितली नाहीत. बाळाचा विषयही नाही. अंधारात माणूस किती लांबून कळेल, एवढंच विचारत राहिले.

"आपण फक्त पापुद्रा करतो, अनुजा," सर नंतर म्हणाले. तिच्याकडं न बघता.

"अजून त्येच डोक्यात?" अमरसिंहनं विचारलं. "आमी लोखंड वततोय, ते पंपाला जातंय का तोफंला, आमाला कोण सांगतंय?"

"तुम्ही विचारलं कधी?"

"इचारून पगार वाढतोय व्हय?"

बयाबाई हळदकुंकू घेऊन आल्या. "आमचा सम्राट तिकडं बॉर्डरवर बर्फात उभा हाय. अंधारात त्येला चार पावलं म्होरचं दिसलं, तर तुझं काय गेलं गं?"

धाकट्या दिराचं नाव निघालं आणि अनुजानं काच मुठीत घेतली. क्रांतीच्या पेटीपाशी तिच्याबरोबर जागले होते ते सम्राट भाऊजीच.

"ठेव आता. फुलं सुकाय लागली," बयाबाई म्हणाल्या.

तिचा हात विळीपाशी गेला, तिथून तलवारीकडं, आणि मधेच थांबला. पाच वर्षांच्या क्रांतीनं हळूच ती काच काढून घेतली, डोळ्याला लावली, आणि तिच्यातून आईकडं बघत राहिली.

"आई, अंधारात लपलेलं बारकं पोरगंबी दिसतंय व्हय ह्यात?"